जहाज एका सरकारचं नसतं

काही जण म्हणतात की काँग्रेसनं सैन्याला उपाशी ठेवलं आणि भाजप घरोघरी बंदुका देईल. दोन्ही पटत नाही.

१५ जानेवारी २०२५ला मुंबईत नौदल गोदीत सुरत आणि निलगिरी या युद्धनौका आणि वाघशीर ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात आल्या. तिन्ही माझगाव डॉक या सरकारी कंपनीनं बांधलेल्या. पण वाघशीरच्या वर्गाचा (म्हणजे त्याच आराखड्याच्या पाणबुड्यांचा) करार २००५चा, सुरतच्या वर्गाचा २०११चा, निलगिरीचा २०१५चा. पहिले दोन मनमोहनसिंगांच्या काळातले, तिसरा मोदींच्या. आता श्रेय कुणाचं? सही करणाऱ्याचं, पैसे चालू ठेवणाऱ्याचं, आणि माझ्या मते सर्वात आधी गोदीतल्या कामगारांचं.

आकडा बघायचाच तर एकूण बघू नका. २०२५-२६ची संरक्षणाची तरतूद ६.८१ लाख कोटी, त्यात निवृत्तिवेतन सुमारे १.६१ लाख कोटी. ते जवानांच्या हक्काचंच आहे. पण नवी जहाजं, विमानं, तोफा येतात त्या भांडवली खर्चातून, आणि तो १.८० लाख कोटी. दोन्ही पक्षांना प्रश्न याच आकड्यावर विचारा.

बंदुकांचं म्हणाल तर १९५९चा शस्त्र कायदा नेहरूंच्या काळातला. १९८३ला इंदिरा गांधींच्या सरकारनं माणशी तीन बंदुकांची मर्यादा घातली, २०१९ला भाजप सरकारनं ती दोनवर आणली.