वडिलांनी स्वतःला वरून पाहिले : देहबाह्य अनुभवांविषयी काय म्हणता येते?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय 71 आहे. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. गेल्या पावसाळ्यात हृदयविकाराचा तीव्र झटका येऊन रुग्णालयातच त्यांची हृदयक्रिया बंद पडली आणि डॉक्टरांनी छाती दाबून व विजेचे झटके देऊन ती पुन्हा सुरू केली. घरी आल्यावर काही आठवड्यांनी त्यांनी आईला व मला जे सांगितले, ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी ते छताजवळ होते आणि खाली खाटेवर पडलेला देह आपलाच आहे हे त्यांना स्वच्छ कळत होते, परंतु त्या देहाविषयी ना भीती वाटत होती, ना ओढ. एक परिचारिका स्टुलावर चढून छाती दाबत होती आणि कोणीतरी मोठ्याने ‘बाजूला व्हा’ असे म्हणत होते. त्यानंतरचे त्यांना काहीही आठवत नाही. बोगदा, प्रकाश, दिवंगत आप्त यांपैकी काहीच त्यांना दिसले नाही.

आईचे म्हणणे असे की, प्राण निघून परत आले, तेव्हा त्र्यंबकेश्वरी महामृत्युंजय जप करवून घ्यावा. धाकट्या भावाच्या मते मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतातच आणि त्याचा फार विचार करू नये. या दोघांच्या बोलण्यात वडील मात्र गप्प झाले आहेत आणि आता विषय निघाला की उठून जातात. अशा अनुभवांचा शिस्तशीर अभ्यास कोणी केला आहे का, त्यावरून मृत्यूनंतर काही उरते असे म्हणता येते का, आणि मुख्य म्हणजे वडिलांशी याविषयी कसे बोलावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शल्यगृहातून

मी भूलतज्ज्ञ आहे आणि बंद पडलेली हृदये पुन्हा चालू करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. सर्वप्रथम, आपले वडील सुखरूप आहेत याचा मनापासून आनंद वाटला.

आपल्या भावाचे उत्तर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही, पण ते अपुरे आहे. नेदरलँडमधील हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी 10 रुग्णालयांतील, हृदयक्रिया बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांचा अभ्यास केला आणि तो 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 62 जणांनी, म्हणजे सुमारे 18 टक्क्यांनी, मृत्यूसमीप अनुभव सांगितला. हृदय किती वेळ बंद होते, कोणती औषधे दिली होती, रुग्णाला आधीपासून मरणाचे भय होते का, यांपैकी कशाशीही त्या अनुभवाचा संबंध लागला नाही. केवळ ऑक्सिजनची कमतरता हे कारण असते, तर ज्यांचे हृदय अधिक काळ बंद होते त्यांच्यात तो अधिक आढळायला हवा होता. म्हणून ‘ऑक्सिजन कमी पडला’ एवढे म्हणून हा विषय मिटत नाही.

याचा अर्थ मेंदूचा त्यात भाग नाही, असा मात्र नाही. जिनिव्हामध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ओलाफ ब्लांके आणि त्यांचे सहकारी अपस्माराच्या एका रुग्ण महिलेची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी करत होते. मेंदूच्या उजव्या भागात, कानाच्या थोडे वर आणि मागे असलेल्या एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा तिला आपण खाटेत रुतत आहोत किंवा उंचावरून पडत आहोत असे वाटले, आणि प्रवाह वाढवल्यावर ती म्हणाली की, मी वरून मला खाटेवर पडलेली पाहते आहे. तिला स्वतःचे पाय आणि कमरेखालचा भाग तेवढा दिसत होता. हे निरीक्षण 2002 साली ‘नेचर’मध्ये आले. डोळ्यांनी दिसणारे, कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून येणारे आणि स्नायू-सांध्यांतून येणारे संदेश मेंदूच्या ज्या परिसरात एकत्र जुळवले जातात, तोच हा परिसर आहे. आपण आपल्या देहातच आहोत ही जाणीव आपल्याला इतकी सहज वाटते की, ती कुठेतरी क्षणोक्षणी घडवली जाते हे आपल्या ध्यानात येत नाही. ती जुळणी विस्कटली की ‘मी’ एकीकडे आणि देह दुसरीकडे असे जाणवू शकते.

आता परिचारिका आणि ‘बाजूला व्हा’ हे शब्द. हृदय थांबल्यावर शुद्ध सुमारे दहा सेकंदांत जाते, परंतु उत्तम रीतीने छाती दाबली जात असेल तर मेंदूला थोडे रक्त मिळत राहते. छाती दाबली जात असतानाच हातपाय हलवणारे रुग्ण मी स्वतः पाहिले आहेत. झटका देण्यापूर्वी सर्वांना बाजूला होण्यास मोठ्याने सांगतात, ते त्यांच्या कानी पडले असणे पूर्णपणे शक्य आहे. त्या आवाजांवरून मेंदूने सबंध दृश्य उभे केले असेल, किंवा त्यांनी खरोखरच काही पाहिले असेल. आपण सांगितलेल्या तपशिलावरून यांतील एक पर्याय निवडण्याचा अधिकार मला नाही.

बोलण्याविषयी एवढेच सुचवतो की, त्यांना अर्थ सांगू नका, तपशील विचारा. शक्य असल्यास त्यांनी स्वतःच्या शब्दांत सर्व लिहून ठेवावे, आणि ते इतरांचे अनुभव वाचण्याआधी, कारण दर वेळी सांगताना आठवण थोडी बदलते. झोप उडणे, वाईट स्वप्ने किंवा तो प्रसंग वारंवार नको असताना डोळ्यांसमोर येणे असे काही होत असेल, तर पुढच्या तपासणीत हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य सांगावे. अतिदक्षता विभागातून आलेल्या अनेकांना तो त्रास होतो आणि त्यावर उपचार आहेत.

दर्शनवाचक

वरील प्रतिसाद वैद्यकाच्या बाजूने पुरेसा आहे, म्हणून मी आपल्या मातोश्रींच्या बाजूने थोडे लिहितो, कारण त्यांची समजूत सहज बाजूला सारण्यासारखी नाही. महाभारताच्या वनपर्वात यम सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष पाशाने ओढून काढतो, आणि सावित्रीच्या हट्टामुळे तो परत येतो. देहातून काहीतरी निघते आणि परतही येऊ शकते, ही कल्पना वटपौर्णिमेच्या निमित्ताने आपल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या सांगितली गेली आहे.

परंतु त्याच परंपरेने हा प्रश्न खुला ठेवण्याचे धैर्यही दाखवले आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. कठोपनिषदातील नचिकेता यमाजवळ तिसरा वर मागतो तो हाच: मनुष्य मेल्यावर काही जण म्हणतात तो असतो, काही म्हणतात नसतो, तर खरे काय ते सांग. यम त्याला गाई, हत्ती, सोने, दीर्घायुषी पुत्र-पौत्र देऊ करतो आणि म्हणतो की, देवांनाही यात पूर्वी शंका होती, दुसरे काही माग. ज्याच्या दारात मृत झालेला प्रत्येक जण जातो, त्यालाच हे उत्तर देणे अवघड वाटावे, असे ज्या ऋषीला सुचले त्याची बौद्धिक सचोटी थोर आहे. चार्वाकांनी तर भस्म झालेला देह परत येणार कुठून, असा रोकडा प्रश्न केला आणि त्यांचेही म्हणणे आपल्या दर्शनग्रंथांनी खोडून काढण्यासाठी का होईना, नोंदवून ठेवले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील सतवंत पसरिचा आणि पुनर्जन्माच्या घटनांचे अभ्यासक इयान स्टीव्हनसन यांनी भारतातील मृत्यूसमीप अनुभवांच्या 16 घटनांचा अभ्यास 1986 साली प्रसिद्ध केला. त्यांतील लोकांनी आपल्याला यमदूत घेऊन गेले, तेथे वही तपासली गेली, चुकीचा माणूस आणला असे निघाले आणि परत पाठवले, असे वारंवार सांगितले होते. अमेरिकी लोकांच्या कथनांत मात्र बहुधा दिवंगत नातेवाईक भेटतात. शिवाय अमेरिकेतील लोक आपला देह बाहेरून पाहिल्याचे नेहमी सांगतात, तर या भारतीय कथनांत तसे आढळले नाही. म्हणजे आपल्या वडिलांनी जे सांगितले, त्यात यम नाही, चित्रगुप्त नाही; ते लहानपणी कानांवर पडलेल्या गोष्टींची उजळणी करत आहेत असे सहजासहजी म्हणता येत नाही. मात्र परलोकाचे वर्णन देशागणिक बदलत असेल, तर त्या वर्णनाला भूगोल मानणेही कठीण होते, हे मला मान्य करावे लागते.

जाता जाता एक विनंती. अशा चर्चेत तुकोबांचा ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ हा अभंग कोणीतरी हटकून पुराव्यादाखल देतो. तो अभंग अहंकार गळून पडल्याच्या आनंदाचा आहे, त्याला अशा साक्षीसाठी उभे करू नये.

जपाबद्दल: वडिलांना विचारून, त्यांची इच्छा असेल तर अवश्य करावा. त्यांच्या अनुभवातील दोष निवारण्यासाठी म्हणून मात्र करू नये, कारण तसे केल्यास आपल्याला काहीतरी बाधा झाली आहे असे त्यांच्या मनात बसेल.

पायवाट

डॉक्टरसाहेबांच्या प्रतिसादाचा आदर ठेवून एक आक्षेप नोंदवतो. जिनिव्हातील प्रयोगाने एवढेच दिसले की, मेंदूला विशिष्ट ठिकाणी उत्तेजित केल्यास असा अनुभव येतो. मेंदूला दुसऱ्या ठिकाणी उत्तेजित केल्यास माणसाला आवाज ऐकू येतात, म्हणून जगात खरे आवाज नसतात असे आपण म्हणत नाही. शिवाय 1991 साली अमेरिकेतील फिनिक्स येथे एका गायिकेच्या मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी तिचे शरीर सुमारे 16 अंश सेल्सियसपर्यंत थंड केले होते, हृदय थांबवले होते, डोळे बंद केले होते आणि कानांत आवाज करणारी उपकरणे बसवली होती. तरीही तिने कवटी कापण्याच्या करवतीचे वर्णन केले आणि डॉक्टरांचे संभाषण सांगितले. माझ्या आईने शेवटच्या आजारपणात असेच काही सांगितले होते आणि आम्ही ते हसून टाळले, याचे दुःख मला आजही आहे. माणूस जे सांगतो ते मेंदूच्या बिघाडात जमा करून मोकळे होण्याची घाई कशासाठी?

शल्यगृहातून

आपला पहिला मुद्दा तर्कदृष्ट्या बरोबर आहे आणि तो मी स्वीकारतो. मेंदूतील यंत्रणा सापडली म्हणजे अनुभवाचा विषय खोटा ठरला, असे होत नाही. पण उलट दिशेनेही तेच लागू आहे: अनुभव अतिशय खरा वाटला, म्हणून दृष्टी देहाबाहेर गेली होती असे सिद्ध होत नाही.

फिनिक्सच्या घटनेत वेळेचा क्रम महत्त्वाचा आहे. करवत आणि संभाषण हे दोन्ही शस्त्रक्रियेच्या सुरुवातीचे आहेत, जेव्हा ती भुलेखाली होती परंतु शरीर अजून थंड केलेले नव्हते आणि हृदय चालू होते. भुलेत असतानाही क्वचित प्रसंगी रुग्णाला जाणीव राहते, हे आमच्या शास्त्राला चांगले ठाऊक आहे आणि आम्हाला त्याची सर्वांत अधिक धास्ती असते.

हा प्रश्न तपासून पाहण्याचा प्रामाणिक प्रयत्न अतिदक्षता विभागातील डॉक्टर सॅम पार्निया यांनी केला. त्यांनी रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर केवळ वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. 15 रुग्णालयांतील, हृदयक्रिया बंद पडण्याच्या 2060 घटनांचा हा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. वाचलेल्यांपैकी 140 जणांशी बोलता आले. पाहिल्या-ऐकल्याची स्पष्ट आठवण दोघांनी सांगितली आणि त्यांतील एकाचे कथन, शॉक देणाऱ्या यंत्राच्या आवाजासह, पडताळून पाहता आले. पण त्या दोघांच्याही घटना फळ्या नसलेल्या ठिकाणी घडल्या होत्या. पुढचा अभ्यास 2023 मध्ये आला. त्यात 567 घटनांपैकी 53 रुग्ण वाचले आणि 28 जणांच्या मुलाखती झाल्या. या वेळी हृदय पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न होत असताना रुग्णाजवळ पडद्यावर चित्र दाखवले जाई आणि त्याच्या कानात काही शब्द ऐकवले जात. ते चित्र कोणालाही ओळखता आले नाही. शब्द मात्र एकाने ओळखले. शिवाय काही रुग्णांच्या मेंदूत छाती दाबणे सुरू असताना पस्तीस मिनिटांनंतर आणि त्याहूनही पुढे जागृत मेंदूसारख्या लहरी नोंदल्या गेल्या, आणि हे मला वैद्यक म्हणून अधिक थक्क करणारे वाटते. आपण ज्याला मृत्यूचा क्षण म्हणतो तो क्षण नसून एक लांबलेली प्रक्रिया आहे, आणि आपण ज्यांची साक्ष ऐकतो ते सर्व त्या प्रक्रियेच्या अलीकडून परतलेले आहेत. पलीकडे काय आहे, याबद्दल त्यांच्या साक्षीवरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणणे मला शास्त्रीय वाटत नाही.

आपल्या मातोश्रींबद्दल वाचून वाईट वाटले. तशा रुग्णाचे ऐकून घेणे हा उपचाराचाच भाग मानावा, असे मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना सांगतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. हा सगळा धागा मी वडिलांना वाचून दाखवला आणि बऱ्याच दिवसांनी ते सलग बोलले. आत्म्याचा प्रश्न आपल्याला फारसा पडलेला नाही, असे ते म्हणाले. त्यांना पडलेला प्रश्न असा की, परिचारिका स्टुलावर चढली होती हे खरे की नाही. स्टुलाविषयी कोणी काही बोलल्याचे त्यांना आठवत नाही, त्यामुळे ते केवळ ऐकून कळले असेल असे त्यांना पटत नाही. त्यांनी दोन पाने लिहून काढली आहेत आणि तपासणीला जाऊ तेव्हा त्या विभागात चौकशी करायचे ठरवले आहे. आईने जपाचे त्यांना विचारले. ते म्हणाले, आभार मानण्यासाठी म्हणून करायचा असेल तर मी स्वतः बसेन.

शल्यगृहातून

चौकशी करणार असाल तर त्याआधी एक काळजी घ्यावी. वडिलांची पाने कोणालाही वाचून दाखवू नका आणि ‘तुम्ही स्टुलावर उभ्या होता का’ असेही विचारू नका. त्या दिवशी छाती दाबण्याचे काम कोणी केले, ती व्यक्ती कुठे उभी होती आणि खोलीत आणखी कोण होते, असे मोकळे प्रश्न विचारा, उत्तरे तेथेच लिहून घ्या आणि मगच वडिलांच्या पानांशी ताडून पाहा. उंच खाट आणि बुटकी व्यक्ती असेल तर पायाखाली स्टूल घेणे ही आमच्याकडे नेहमीची रीत आहे, त्यामुळे केवळ स्टूल जुळले तर त्याचे वजन थोडे कमी धरावे. ते कोणत्या बाजूला होते, परिचारिकेच्या अंगावर काय होते, मध्येच कोणी जागा बदलली का, हे वडिलांनी लिहिले असेल तर ते अधिक महत्त्वाचे ठरेल. इतक्या महिन्यांनंतर तेथील लोकांनाही तो एक प्रसंग वेगळा आठवेलच असे नाही, हे वडिलांना आधी सांगून ठेवा.