योग, योगा आणि योगासनं

विचारणा :
आमच्या सोलापूरच्या शाळेत 21 जूनची तयारी चालू आहे. फलकावर मी ‘आंतरराष्ट्रीय योग दिन’ असं लिहिलं. मुलं मात्र ‘योगा डे’ म्हणतात आणि पालक ‘पोरीला योगाला घातलंय’ म्हणून सांगतात. ‘योगा’ चूक म्हणून खोडावं, की रूढ झालंय म्हणून चालू द्यावं? दुसरं असं, की ‘योग म्हणजे जोडणे, जीवात्म्याचं परमात्म्याशी मीलन’ हे वाक्य दरवर्षी भाषणात येतं. ते मुळात कुठलं? सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, जोडायचंच असेल तर हातपाय कशाला वाकवायचे?” तिला नीट उत्तर द्यायचंय.

उत्तर :
बाई, मुलीचा प्रश्न नेमका आहे. तिथूनच सुरुवात करतो.

संस्कृतात ‘युज्’ धातू एकाच अर्थाचा नाही. पाणिनीय धातुपाठात ‘युजिर् योगे’ म्हणजे जोडणं, जुंपणं, आणि ‘युज समाधौ’ म्हणजे चित्त स्थिरावणं, अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. संयमाच्या अर्थाची तिसरीही आहे. ऋग्वेदात रथाला घोडे जुंपण्यासाठी याच धातूची रूपं येतात. बैलाच्या मानेवरचं आपलं ‘जू’ हे संस्कृत ‘युग’वरून आलं आणि त्याचंही मूळ हेच. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. त्याच उपनिषदात पुढे इंद्रियांच्या स्थिर धारणेला योग म्हटलंय. जुंपण्यापासून आवरण्यापर्यंत हा शब्द कसा गेला असेल, ते इथं डोळ्यांसमोर येतं.

योगसूत्रं रचणाऱ्या पतंजलींची व्याख्या ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, म्हणजे चित्ताच्या हालचाली आवरणं तो योग. त्यात मीलनाचा शब्दही नाही. पहिल्याच सूत्रावर व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, सरळ सांगतं, ‘योगः समाधिः’. म्हणजे त्या परंपरेनं धातू घेतला तो ‘समाधौ’चा. भाषणातलं वाक्य दुसऱ्या घरचं आहे. ‘संयोगो योग इत्युक्तो जीवात्मपरमात्मनोः’ असं ‘योगयाज्ञवल्क्य’ नावाच्या ग्रंथात आहे. दोन्ही व्याख्या जुन्या आणि मानाच्या आहेत, पण पतंजलींचं नाव घेऊन दुसरी सांगू नये. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर दुःखाशी झालेला संयोग तुटणं, हा वियोग, त्यालाच योग म्हटलंय. मला ही व्याख्या सगळ्यांत जवळची वाटते. दुखणाऱ्या माणसाला ती लगेच कळते.

आता हातपाय. योगसूत्रं 195, काही पाठांत 196. त्यांत आसनाचं वर्णन अवघ्या तीन सूत्रांत आहे. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे हलावं लागणार नाही आणि टोचणार नाही असं बसणं. पण शरीराकडे पतंजलींचं दुर्लक्ष आहे असं कुणी समजू नये. साधनेत आडव्या येणाऱ्या नऊ अडथळ्यांत पहिला मोजलाय तो व्याधी. मन विखुरलं की सोबत काय काय येतं, तेही लगेच पुढच्या सूत्रात आहे : दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वासोच्छ्वास. परीक्षेच्या आधी वर्गात एखाद्या मुलीचा हात थरथरतो, श्वास वरच्या वर होतो. तुमच्या विद्यार्थिनीला हे दाखवता येईल. मन बिघडलं की अंग बिघडतं. तर अंग आणि श्वास धरून मनाकडे जाण्याची जी वाट, तिच्यासाठी हातपाय वाकवायचे.

आसनांची रेलचेल नंतरच्या हठयोगाच्या ग्रंथांत येते. हठप्रदीपिकेत 15 आसनं आहेत, घेरंडसंहितेत 32. आसनाचा लाभ हठप्रदीपिका तीन शब्दांत सांगते : स्थैर्य, आरोग्य, अंगलाघव (अंगाचा हलकेपणा). शाळेच्या फलकासाठी मी हेच तीन शब्द निवडीन.

आणखी एक उत्तर :
‘योगा’बद्दल. हे इंग्रजी स्पेलिंगवरून आलं हे खरंच, पण सोलापुरात तेवढंच कारण नाही. आमच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारतात, मराठीसारखा गिळत नाहीत. त्यामुळे आमची आजी ‘योग’ म्हणायची तेव्हा मराठी कानाला ते ‘योगा’च्या जवळचं वाटायचं. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू मंडळी तर ‘योगा’ असंच लिहितात आणि म्हणतात. शेजारच्यानं ‘योगा’ म्हटलं म्हणून त्याला अडाणी ठरवू नये. मराठी लिहिताना मात्र ‘योग’च लिहावं, कारण आपल्याकडे तो एकटा शब्द नाही. उपयोग, प्रयोग, उद्योग, वियोग, योग्य, योगक्षेम, योगायोग हा सगळा गोतावळा त्याच्याशी बांधलेला आहे. जोगी आणि जोगवाही त्याच घरातले. काना दिला की हे नातं दिसेनासं होतं.

आणि आपल्या गावाला हा शब्द कुणी बाहेरून येऊन शिकवलेला नाही. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर शिवयोगी म्हणूनच ओळखले जातात. इथल्या त्यांच्या देवळात त्यांची योगसमाधी आहे. त्यांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्या त्यांच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या लग्नाच्या. ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ सुरू झालं की खांद्यावर बसलेली पोरंसुद्धा अक्षता टाकतात. ‘योगदंड’ हा शब्द त्यांच्या कानावर शाळेत जायच्या आधीच पडलेला असतो. योगी हा दंड काखेत धरून बसतात. काखेत दाब पडला की दुसऱ्या बाजूच्या नाकपुडीतून श्वास मोकळा वाहू लागतो, असा त्याचा साधनेतला उपयोग सांगतात. म्हणजे श्वासाचं शास्त्र आपल्या यात्रेच्या शब्दातच आहे. मुलांना हे जरूर सांगा, बाई.

मधला प्रश्न :
मग पंचांगातला ‘योग’ कोणता? आणि जेवणानंतर वज्रासनात बसा म्हणतात, ते ज्ञानेश्वरीतलं वज्रासन का?

उत्तर :
पंचांगातला योग म्हणजे बेरीज. सूर्य आणि चंद्राचे भोगांश, म्हणजे राशिचक्रातली त्यांची अंशांतली जागा, मिळवायचे, बेरीज 360 अंशांपुढे गेली तर 360 वजा करायचे आणि 13 अंश 20 कलांनी भागायचं. विष्कंभापासून वैधृतीपर्यंत असे 27 योग होतात. दाते पंचांग सोलापूरचंच, त्यातला योगाचा रकाना वर्गात उघडून दाखवता येईल. ‘भेटीचा योग आला’ हे आपलं बोलणंही ज्योतिषाच्याच अंगानं जातं.

वज्रासनाचं मात्र जपून. सहाव्या अध्यायात माउली म्हणतात, ‘अर्जुना हें जाण । मूळबंधाचें लक्षण । वज्रासन गौण । नाम यासी’. तिथली बैठक टाचेनं शिवणीवर, म्हणजे गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या जागेवर, दाब देण्याची आहे; मूळबंध म्हणजे तिथले स्नायू आवळून धरणं. हठप्रदीपिकेतही सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात अशी नोंद आहे. गुडघे दुमडून टाचांवर बसायचं आजचं वज्रासन वेगळं. नाव तेच, बैठक निराळी. ओवी वाचून कुणी जेवल्याबरोबर मूळबंध लावायला जाऊ नये.

आणखी एक उत्तर :
मी पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांना आसनं शिकवते. दिवसभर मांडीवर सूप, मान खाली, बोटं तेंदूच्या पानावर. पहिल्या दिवशी त्यांना ‘चित्तवृत्ती’ सांगून उपयोग नसतो. भिंतीला पाठ लावून बसवलं आणि नुसते खांदे मागे घ्यायला सांगितले, तर एक जण म्हणाली, “ताई, इथं गाठ होती हे मला माहीतच नव्हतं.” त्यानंतर श्वासाकडे लक्ष दे म्हटलं की ती देते. कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. आता जुनाट पाठदुखी, ताण आणि झोप यांत नियमित सरावाचा फायदा अनेक अभ्यासांत दिसलाय. पण रक्तदाबाची गोळी कुणी आपल्या मनानं बंद करू नये. मी प्रत्येकीला हे दोनदा सांगते.

शब्दाचं म्हणाल तर त्या ‘योगाला येते’ म्हणतात, मी ‘आसनं करू या’ म्हणते. दोघींना कळतं.

मूळ विचारणा करणारी :
सगळ्यांचे आभार. फलकावर ‘योग दिन’ ठेवते, वेळापत्रकात ‘योगासने व प्राणायाम’ लिहिते. आता एवढंच सांगा, सूर्यनमस्कार ‘करायचे’ की ‘घालायचे’?

उत्तर :
घालायचे. नमस्कार घालतात, दंड काढतात, बैठका मारतात, आसनं करतात आणि प्राणायामही करतात. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी साताऱ्याकडचे, पण ‘घालणं’ आपल्याकडेही तितकंच रुळलेलं आहे. मुलांना तेच शिकवा.