हर्णैच्या पोटमाळ्यावर सापडलेलं नक्षत्रांचं पुस्तक: काळ कसा ओळखू, पावसाळ्यात कसं जपू?

हर्णैची_लेक
नमस्कार मंडळी. शिमगा झाल्यावर शाकारणी काढली, तेव्हा आजोबांची पत्र्याची ट्रंक पोटमाळ्यावरून उतरवली. आजोबा शाळामास्तर होते. वर पंचांगांची चळत आणि तळाशी धोतरात गुंडाळलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक. सुरुवातीची पानं गेली आहेत, म्हणून नाव नाही, साल नाही. पण आत पानपानभर तारकासमूहांची हाताने रंगवलेली चित्रं आहेत: गदा उगारलेला शिकारी, लांब शेपटीचं अस्वल, वासुकीच्या पाठीवर मांजर आणि त्या सापाच्याच शेपटाच्या टोकाला बसलेलं घुबड! एक गलबतही आहे. शेजारचे तांडेलकाका ते बघून लगेच म्हणाले, "नाळ, पुढचं टोक, कुठाय ह्याची? अर्धंच काढलंय."

प्रत्येक चित्राशेजारी आजोबांनी पेन्सिलीने आपल्याकडची नावं लिहिली आहेत. शिकाऱ्याजवळ "मृग", खालच्या कुत्र्याच्या तोंडाशी "व्याध". गलबताच्या वल्ह्यापाशी "अगस्ती. शके १८७३, श्रावण वद्य. पाऊस उघडला, पहाटे दिसला."

जुन्या वस्तू घेणारा एकजण येऊन गेला. त्याला पुस्तक नको, चित्रं सुटी करून हवीत, फ्रेमसाठी. वर म्हणाला, पेन्सिल खोडून ठेवा, त्याने किंमत पडते. तेव्हापासून मला झोप नाही. शाकारणीचा खर्च मोठा आहे हेही खरं. काय करू?

जुनी_पानं
ताई, आधी खोडरबर लांब ठेवा. मग एक सांगा, ग्रहांची यादी कुठे आहे का? त्यात किती ग्रह आहेत?

हर्णैची_लेक
आहे. पृथ्वी धरून अकरा. मंगळ आणि गुरूच्या मध्ये व्हेस्टा, जुनो, सेरेस, पॅलस अशी चार नावं. शनीनंतर शेवटचा "हर्शल". नेपच्यून नाही.

जुनी_पानं
मग बरंच उलगडलं. सेरेस १८०१ साली सापडला, त्यानंतर पॅलस, जुनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा. तेव्हा या चौघांना ग्रहच म्हणत. पाचवा लघुग्रह १८४५ अखेर सापडला आणि पुढच्याच वर्षी नेपच्यून. हर्शल म्हणजे युरेनस, शोधणाऱ्याच्या नावाने इंग्रजी पुस्तकांत तसं छापत. म्हणजे मजकूर १८०७ ते १८४५ मधला.

घुबडाने हे अंतर आणखी कमी केलं. ते १८२२ च्या जेमिसनच्या इंग्रजी नकाशात पहिल्यांदा आलं, त्याआधी तिथे दुसराच पक्षी काढत. तेव्हा तुमचं पुस्तक १८२२ नंतरचं. १९२२ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने ८८ तारकासमूह ठरवले. त्यात मांजर नाही आणि घुबडही नाही, आता ती अशाच पानांवर भेटतात.

चित्राभोवती बोट फिरवून बघा. कागद चौकोनात दबलेला लागला तर ते धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आहे. भिंगाखाली सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली तर मात्र नंतरची नक्कल.

हर्णैची_लेक
दबलेला आहे! चारही बाजूंनी. ठिपके नाहीत. पण गवताचा हिरवा रंग आहे तिथे कागद तपकिरी होऊन तडकलाय.

कागदवाला_दादा
तो तांब्यापासून केलेला हिरवा असणार, तो कागद खातो. तिथे ओलं फडकं लावू नका, चिकटपट्टी तर कुठेच नको, तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. बुरशीचा वास येत असेल तर तोंडाला फडकं बांधून, सावलीत, वाऱ्यावर, मऊ कोरड्या ब्रशने पान पान झटका. उन्हात घालू नका, रंग उडतील.

ती ट्रंक पुन्हा वापरू नका. आपल्याकडे आषाढात पत्र्याला आतून घाम सुटतो. मांजरपाट दोनदा धुऊन खळ पूर्ण काढा (कसर खळीवरच येते), त्यात गुंडाळून पुस्तक आडवं ठेवा, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच. बांधणीचं काम घरी करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनाचा विभाग आहे, तिथे विचारा. सगळ्या पानांचे फोटो मात्र आजच काढा.

सुट्या चित्रांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पुस्तक फाडलं की आजोबांची वही दहा घरांच्या भिंतींवर जाईल आणि कोणालाच वाचता येणार नाही. विकायचंच असेल तर अख्खं विका, पेन्सिलीसकट.

व्याधाचा_बाण
तांडेलकाकांना सांगा, नजर पक्की आहे. ते आर्गो जहाज. ग्रीकांपासून त्याची मागची बाजूच काढत आले, नाळ बहुतेक जुन्या नकाशांत नसते. पुढे लाकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने त्याचे तुकडे पाडले, कणा वेगळा, शीड वेगळं. अगस्ती आता कण्यात मोजतात. आजोबांनी वल्ह्यापाशी लिहिलं तेही बरोबर, जुन्या चित्रांत तो तिथेच असे.

आणि ताई, तुमच्या शेजारचं मुरुड हे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं जन्मगाव. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिणारा माणूस तिथला. त्या पट्ट्यातल्या मास्तरांनी असं पुस्तक जपावं यात मला नवल वाटत नाही.

हर्णैची_लेक
फोटो काढून झाले. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं, कौलांचं या वर्षी अर्धंच करू. काल आठच्या सुमारास आई आणि तांडेलकाकांना घेऊन पुळणीवर गेले होते. दक्षिणेला, मुरुडच्या अंगाला, अगस्ती चांगला वर होता. काका म्हणाले, हा तर आमचा रोजचा, नाव तेवढं आज कळलं. आईने पुस्तकातलं गलबत मोबाइलवर मोठं करून तिथे धरलं आणि कितीतरी वेळ हात खाली घेतला नाही.