सोलापुरात रॉक गार्डन: आल्प्समधल्या गादीसारख्या झाडांना पर्याय काय?

पारिजात_सोलापूर
जुळे सोलापुरात घरालगत ८ फूट बाय ५ फूट जागा आहे. माती काळी, मागे घराची पश्चिमेकडची भिंत. दगड रचून त्यांच्या फटींतून पसरणारी, बुटकी, फुलांची गादी करणारी झाडं लावायची आहेत. सॅक्सिफ्रागा, ऑब्रिएटा, मॉस फ्लॉक्स, सेम्परव्हिव्हम यांचं बी ऑनलाइन दिसतंय. यातलं काय टिकेल? दगड थेट काळ्या मातीत बसवले तर चालतील का?

कोरडवाहू
बी मागवू नका. उंच डोंगरावर ही झाडं गादीसारखी दाट वाढतात ती वारा अडवायला आणि ऊब धरून ठेवायला. उन्हात त्या गादीच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा जास्त गरम असतं. तिथे त्यावरच ती जगतात, इथे त्यानेच मरतील. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा ४० च्या वर आणि रात्रीही २५ अंशांच्या आसपास. रात्र गार नसली की दिवसभरात कमावलेलं अन्न झाड रात्रीतच खर्च करतं. त्यात मुळाशी गरम ओल राहिली तर बुडातून कुजायला वेळ लागत नाही. फार हौस असेल तर सेम्परव्हिव्हमचं तयार रोप नोव्हेंबर ते फेब्रुवारी मातीच्या कुंडीत ठेवा, पाहुणा म्हणून.

काळ्या मातीत खड्डा अजिबात करू नका. ती पाणी धरते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बसवलेले दगड हलतात. पावसाळ्यात तर खड्ड्याचं टाकंच होतं. जमिनीवरच उंचवटा करा. खाली ६ इंच दगड-विटांचे तुकडे (२० घनफूट), वर फूटभर मिश्रण (४० घनफूट): ३ भाग मुरूम, १ भाग जाड वाळू, १ भाग कुजलेलं पानखत. म्हणजे मुरूम २४, वाळू आणि खत ८-८ घनफूट. मुरूम चाळूनच घ्या. त्यातली बारीक माती राहिली तर दोन पावसांत रस्त्यासारखा घट्ट बसतो. चाळून बराच कमी होतो, म्हणून अर्धा ब्रास (५० घनफूट) मागवा. दगडाचा तिसरा हिस्सा मिश्रणात गाडा आणि वरची बाजू थोडी मागे झुकवा, म्हणजे पावसाचं पाणी मुळांकडे जातं.

खडक_आणि_पानं
वरच्याशी सहमत, पण जागाच बदला की. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते. पूर्वेला जागा असेल तर उत्तम. कुठेही करा, भिंतीपासून दीड फूट सोडा, नाहीतर भिंतीला ओल येते. वर काळ्या खडीचा थर नको, फार तापते. नदीतले फिके गोटे बरे.

झाडं: भर उन्हात ऑफिस टाइम (पोर्तुलाका), २-३ इंचांचे तुकडे ६ इंचांवर खोचा. त्याच्याशेजारी बेबी सनरोज. सेडम (जाड पानांचं बुटकं झाड) मोठ्या दगडाच्या पूर्वेला, म्हणजे दुपारी सावली मिळेल. सगळ्यात आवडती विष्णुक्रांता: आपल्याच माळावर मुरमात उगवते, निळी बारीक फुलं, खत मागत नाही. जलपिंपळी दाट गादी करते, पण तिला ओल लागते आणि ती हातपाय पसरते, पायथ्याशीच ठेवा.

रानहळद
हराळी आणि लव्हाळा विसरू नका. दगडाखाली हराळी गेली तर सगळा उंचवटा उकलावा लागतो. आधी जमीन फूटभर खणा, मुळ्या आणि गाठी वेचा, पाणी देऊन तीन आठवडे थांबा, पुन्हा उगवेल ते काढा. मगच जमीन धुम्मस करून भर घाला.

पाणी पहाटे द्या. दुपारी तापलेल्या दगडांवर दिलं तर बुडं शिजतात. थंडीत आठवड्यातून एकदा पुरे, मे महिन्यात एकाआड एक दिवस. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो, तो पावसात धुतला जातो. बेचक्यांत कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. मऊ ब्रशने साबणाचं पाणी लावा.

पारिजात_सोलापूर
धन्यवाद. पूर्वेला ६ बाय ४ जागा निघते आहे, तिथेच करते. लगेच लावू का?

कोरडवाहू
रचना आत्ता करा, पावसाळाभर रिकामी ठेवा. इथे जास्त पाऊस सप्टेंबरात, त्यात मिश्रण दोन-तीन इंच खाली बसेल. ऑक्टोबरात तेवढी भर घालून सेडम, बेबी सनरोज आणि विष्णुक्रांता लावा. ऑफिस टाइम फेब्रुवारीत. ६ बाय ४ ला मिश्रण २४ घनफूट लागेल, मुरूम पाव ब्रास पुरतो.