आधी घरातला सहा नंबर बघा

काका, नवा सहा नंबर (बचावफळीच्या अगदी पुढे खेळणारा मिडफिल्डर) विकत आणल्याशिवाय आपल्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबचं मिडफिल्ड सुधारणार नाही, हे तुमचं म्हणणं मला निम्मंच पटलं. 2024 चा उन्हाळा आठवा. आपल्याला हवा असलेला सहा नंबर झुबिमेंडी नको म्हणाला, स्पेनच्या रिअल सोसिएदाद क्लबमध्येच राहिला, आणि आपण सगळ्यांनी कपाळाला हात लावला. (मीसुद्धा, उगाच शहाणपणा करत नाही.) त्या उन्हाळ्यात खेळायला नवा आला तो एकटा किएसा. पण कोच स्लॉटनं आपल्याच ग्राव्हेनबर्खला खाली, सहा नंबरच्या जागी खेचलं आणि प्रीमियर लीग आपली!

काल बडोद्यात, दांडिया बाजारात सेव-उसळ खाताना मित्राला हेच टेबलावर मांडून दाखवलं. दोन पाव म्हणजे सेंटर-बॅक (मधले बचावपटू), त्यांच्या पुढे कांद्याची फोड म्हणजे ग्राव्हेनबर्ख. पाठीवर माणूस असतानाही तो चेंडू घेऊन गर्रकन वळतो, की चेंडू हिसकावायला अंगावर आलेला गडी मागेच पडला. नुसता टॅकल मारणारा आणलात तर हे वळणं कुठून आणणार? (मित्रानं मधेच एक सेंटर-बॅक तर्रीत बुडवून खाल्ला, ते सोडा.)

पैसे घालायचेच तर राइट-बॅकवर (उजवीकडचा बचावपटू) घाला. त्या जागी फ्रिम्पाँग पळतो झकास, पण आपला जुना राइट-बॅक ट्रेंट रिअल माद्रिदला गेल्यापासून मागून येणारा तो लांब पास गेला तो गेलाच.