मेडिकलमध्ये इन्चार्ज झालेय, टीम वयाने मोठी आहे, कसं सांभाळू?

सांगलीची_फार्मासिस्ट
नमस्कार, मोठं झालंय पण प्लीज वाचा. डी.फार्म होऊन ४ वर्षं झाली, रजिस्टर्ड आहे. गेल्या महिन्यात मालकांनी मला इन्चार्ज केलं, भिंतीवर आता माझं सर्टिफिकेट आहे. आम्ही ५ जण, त्यातले एक काका १८ वर्षं काउंटरला, शिक्षण बारावी पण कुठलं औषध कुठल्या खणात ते झोपेतही सांगतील, आणि गिऱ्हाईक आल्या आल्या त्यांनाच हाक मारतं. परवा संध्याकाळच्या गर्दीत एका आजींच्या चिठ्ठीवर शुगरची नुसती मेटफॉर्मिन ५०० होती आणि काकांनी ग्लिमेपिराइडवाली, म्हणजे साखर आणखी उतरवणारं दुसरं औषधही त्यात असलेली, दिली, खोकी शेजारी शेजारी आणि रंगही जवळपास सारखे. बिल बघताना माझ्या लक्षात आलं, पळत जाऊन रिक्षा स्टँडवर आजींना गाठलं. त्या गोळीने साखर किती खाली गेली असती याच विचाराने रात्रभर झोप नाही. काकांना मात्र अजून एक शब्द बोलले नाहीये. वडिलांच्या वयाच्या माणसाला सांगायचं कसं? आणि या लाईनमध्ये पुढे काही आहे का, की इथेच स्ट्रिपा कापत राहायचं?

नाशिकचा_मेडिकलवाला
चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं असा नियम आहे, उद्या काही झालं तर विचारणार तुम्हालाच. काकांना बिलिंगला बसवा, विषय संपला.

गोळी_ते_गोळी
नाशिककर, नियम बरोबर पण असं एका दिवसात उठवलं तर काका दुखावतील आणि बाकीची पोरं उद्यापासून चुका लपवायला लागतील, ते जास्त धोक्याचं. ताई, दुपारी ३ वाजता दुकान शांत असतं तेव्हा चहा घेऊन दोघंच बसा, सगळ्यांसमोर नको. तुमचं काय चुकलं इथून सुरुवात करू नका, खोकी शेजारी होती हे आपलं सगळ्यांचं चुकलं असं म्हणा. सारख्या नावाची, सारख्या रंगाची औषधं आजच वेगळ्या खणात टाका. काढायचं काम काकांचं, पण पिशवीत जाण्याआधी चिठ्ठीशी ताडून बघायचं तुम्ही, कितीही गर्दी असो. आमच्याकडे वही आहे, हातातून निसटता निसटता वाचलेली चूक त्यात लिहायची, नाव न घालता. पहिली नोंद मी माझीच केली, त्यानंतर पोरं लिहायला लागली.
आणि स्ट्रिप कापताना बॅच नंबर, एक्सपायरी असलेला भाग शेवटपर्यंत राहील अशी कापायची, हे नवीन पोरांना पहिल्या दिवशी शिकवा, आमच्याकडे याच्यामुळे फार घोळ झालेत.

सोलापूर_फार्मा
एच१ च्या (काही अँटिबायोटिक्स, झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या अशा औषधांची सरकारी यादी) रजिस्टरची नोंद गर्दीत राहून जाते का तुमच्याकडे? सेफिक्झिम, अल्प्राझोलाम दिलं की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं त्याच वेळी लिहायचं, रात्री आठवून नाही. ३ वर्षं जपावं लागतं ते. मी एकालाच नेमलंय त्या कामाला.
करिअरचं म्हणाल तर डी.फार्मवरून बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. स्वतःचं दुकान टाकायचं तर कमीत कमी १० चौरस मीटर जागा आणि एफडीएचं (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) फॉर्म २०, २१ चं लायसन्स लागतं, ते डी.फार्मवरही होतं. फक्त पैशाचा हिशोब नीट करा, भाव सरकारने ठरवलेल्या औषधांवर आपल्याला १६ टक्के मार्जिन, त्यातून भाडं, पगार, एक्सपायरीचा तोटा. पण बीपी-शुगरची तीच माणसं दर महिन्याला येतात, त्यांना गोळी कधी, कशी घ्यायची हे बसून सांगणारा फार्मासिस्ट असेल तर ती दुसरीकडे जात नाहीत, हे मी १४ वर्षं बघतोय.

सांगलीची_फार्मासिस्ट
आज बोलले काकांशी, चहा घेऊनच. गप्प बसून ऐकलं आणि मग म्हणाले, पोरी, सहा महिने झाले चष्म्याचा नंबर वाढलाय, संध्याकाळी बारीक अक्षर दिसतच नाही, रंगावरून काढतो. मला रडूच आलं. त्यांनी स्वतः ती खोकी हलवली. रविवारी डोळे तपासायला घेऊन जातेय त्यांना, आणि काउंटरवर एक ट्यूबलाइट वाढवायला सांगितलीये मालकांना. एच१ ची नोंद आमच्याकडे राहून जातेच, उद्यापासून मी लिहिणार.