मुरुमांवरची औषधं लावून चेहरा सोलवटलाय, मदत हवी आहे

मुरुमं लवकर जावीत म्हणून मी सकाळी २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश, रात्री अ‍ॅडापॅलीन आणि त्यावर बेन्झॉइल पेरॉक्साइड (दोन्ही मुरुमांवर लावायची औषधं) असं सगळं एकाच आठवड्यात सुरू केलं. तिसऱ्या आठवड्यात नाकाच्या कडेला पापुद्रे सुटायला लागले. आता साधं पाणी लागलं तरी चेहरा चुरचुरतो. मुरुमं मात्र तशीच, उलट जास्त लाल दिसतात.

वाचल्यावर कळलं की त्वचेच्या वरच्या थरात पेशींच्या मध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड अशा स्निग्ध पदार्थांचा लेप असतो, तोच मी खरवडून काढला. त्वचा तेलकट आहे म्हणून मॉइश्चरायझर टाळत होते, ती मोठीच चूक झाली.

गेले १० दिवस सगळं बंद आहे. फक्त सौम्य क्लेन्झर, सेरामाइडचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. चुरचुर कमी झालीये, पण हनुवटीवर नवीन फोड येताहेत आणि जीव घाबरतो.

अशातून गेलेल्यांनी कृपया सांगा: औषध परत कधी सुरू केलंत? आधी मॉइश्चरायझर लावून वरून अ‍ॅडापॅलीन, तेही आठवड्यातून दोनदाच, असं कुणाला मानवलं का? त्वचारोगतज्ज्ञांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीये, तोवर काय सांभाळू?